वेल रडली

कुल्याशने सकाळपासून सगळी कामं काढली होती, फक्त एक सोडून. ऑक्टोबरपासून बंद असलेल्या दाचाचं, शहराबाहेरच्या बागेतल्या घराचं, कुलूप काढलं, खिडक्यांवरच्या फळ्या उतरवल्या, गाद्या उन्हात टाकल्या. उंदरांनी कपाटात मांडलेला संसार सुपलीत भरून बाहेर फेकला. धुराड्यात कावळ्यांनी कोंबलेल्या काड्या उपसल्या. तिचा जावई येरसाइन बादल्या घेऊन तिच्यामागे पळत होता. जर्दाळूच्या बुंध्यांना चुनासुद्धा लावून झाला. भिंतीलगतच्या मातीच्या लांबोळक्या ढिगाकडे मात्र दोघंही बघत नव्हते.

त्या ढिगाखाली तिच्या नवऱ्याची, तोख्तारची, द्राक्षवेल होती. अल्माटीच्या थंडीत ती उघड्यावर जगत नाही. पानं गळली की तिला छाटायचं, मांडवावरून उतरवून जमिनीवर निजवायचं, वर माती ओढायची आणि एप्रिलमध्ये पुन्हा उकरायचं. तीस वर्षं हे काम तोख्तारनं केलं, बायकोला कधी हात लावू दिला नाही. गेल्या साली नेमका वेल पुरायच्या आठवड्यात तो गेला. चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून वेलीची आठवण होईपर्यंत कडाक्याची थंडी पडून गेली होती. मग येरसाइननं धावपळ करून ती पुरली. शहरात वाढलेला गडी, त्यानं आयुष्यात कुंडीसुद्धा लावली नव्हती.

"उशीर झाला," एवढंच कुल्याश तेव्हा म्हणाली. आणि त्या दिवसापासून जावयाला 'तुम्ही' म्हणू लागली. रागावली की ती माणसाला मान द्यायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

वेल मेली असेल तर दाचा विकायचा, असं तिनं ठरवलं होतं. कुंपणापलीकडचा वालेंतिन घ्यायला एका पायावर तयार होता. नवऱ्याच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं. तेही गेलं तर इथं येऊन करायचं काय?

"अपा, चुन्याचा दुसरा हात मारू का?" येरसाइननं विचारलं. सासूला तो अपा म्हणायचा, सासऱ्याला अता.

"झाडांना लग्नाला न्यायचंय का, जावईबापू?"

"नाही, म्हटलं..."

"घ्या ते फावडं. किती वेळ टाळणार आपण दोघं?"

वरची माती त्यानं फावड्यानं ओढली, खालची तिनं हातांनी बाजूला सारली. वेल काळीठिक्कर पडली होती. साल सोलवटून तिच्या बोटांत आली. एकही डोळा फुगलेला दिसेना. कात्री खिशातच होती. टोक कापलं असतं तर आत हिरवं आहे की नाही ते लगेच कळलं असतं. पण हात काही खिशात जाईना.

तेवढ्यात पलीकडून खच्च असा आवाज आला. येरसाइनचं फावडं थेट वेलीत बसलं होतं.

"डोळे आहेत की बटणं?" कुल्याश ओरडली. "थंडीनं मारली ते कमी झालं का तुम्हाला? मेल्यावर तरी सुखानं पडू द्या तिला!"

येरसाइन फावड्यासकट वेलीपाशी खाली बसला. "दिसली नाही हो, अपा," तो म्हणाला. "अतांची वेल म्हणून पुरतानाच मला धास्ती वाटत होती. हिवाळाभर, बर्फ पडला रे पडला की हीच डोळ्यांपुढे यायची. मी मारली ना हिला?"

कुल्याशनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगं जखमेवर अंगठा दाबून बसलं होतं, जणू वेलीचं रक्त थांबवत होतं.

"अपा," तो म्हणाला, "हे ओलं कशानं लागतंय?"

"बाजूला व्हा!"

त्यानं अंगठा काढला. चिरेत पाणी चमकलं. त्याचा थेंब झाला, फुगला आणि मातीत पडला. मागोमाग दुसरा आला.

"रडतेय," कुल्याश म्हणाली. मग मोठ्यानं, "अरे, रडतेय ही!"

"रडतेय?" येरसाइनचा चेहरा पांढराफटक पडला. "एवढं लागलं तिला?"

"अहो जावईबापू, मेलेली वेल रडते होय? मुळं पाणी चढवतायत! तुमचे अता दर वसंतात पहिली फांदी कापून वाट बघत बसायचे, कधी रडते म्हणून. रडली की नाचायचे!"

तोख्तार गेला तेव्हा ती चार बायकांमध्ये बसून रीतीप्रमाणे रडली होती. आज कसली रीत नव्हती. मातीचे हात तोंडावर घेऊन ती हमसून हमसून रडली, आणि सहा महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं.

कुंपणावरून वालेंतिनचं डोकं वर आलं. "कुल्याश, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं!" ती ओरडली. "ऑगस्टात द्राक्षं खायला या, वालेंतिन. इथंच असेन मी."

मग नाक पुसत ती जावयाकडे वळली. "आणि तू, ते फावडं ठेव आधी लांब. चहा टाक."

'तू' ऐकताच येरसाइननं फावडं तिथंच टाकलं आणि तो किटली शोधायला पळाला.