मूठभर मीठ

"दादा, तू प्रयोगशाळेत होतास, तूच सांग," असं धाकट्या बहिणीने लिहिलं होतं. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं बोलणं पत्रातूनच. आमच्या बाजारात बसणाऱ्या मीठ-महाराजांचं मीठ चोळलं की मांस आठवडाभर लालच राहतं म्हणे; तिनेही एक पुडी मागवली होती. महिनाअखेर नातवंडं यायची होती. त्याआधी तिला मांस खारवून ठेवायचं होतं. "तुझं पत्र येईपर्यंत पुडी उघडणार नाही."

त्याला तीन आठवडे झाले. मी चारदा उत्तर लिहायला बसलो. प्रयोगशाळेत होतो खरा, पण नळ्या धुवायला. शिकवणारे वेगळे होते. माझं चुकलं तर? चारही कागद टोपलीत गेले. तिचं पत्र जेवणाच्या टेबलावर समोरच्या जागी पडून होतं. त्या जागी दुसरं कोणी बसत नाही.

महिनाअखेरीला पाच दिवस उरले, तेव्हा बाजारात गेलो. महाराजांभोवती ही गर्दी! पुढ्यात दोन ताटं. एकात करडा पडलेला तुकडा, दुसऱ्यात गुलाबी, जणू आत्ता शिजवायला काढलेला.

"दोन्ही एकाच बकऱ्याचे, दोन्ही आठ दिवसांचे!" महाराज गरजले. "ह्याला दुकानातलं मीठ, ह्याला माझं, अकरा हजार वेळा मंत्रलेलं. साक्षात कुजणंसुद्धा हात जोडून मागे फिरलं!"

"किती घालायचं महाराज?" एकीने विचारलं.

"भक्तीला तराजू लागतो का गं? मूठ भरून घाल!"

मोजल्याशिवाय काही मिसळायचं नाही, एवढं एकच मी आयुष्यात शिकलो होतो. पण ते महाराजांना सांगायचं सोडून मी एक पुडी घेतली आणि मागच्या गल्लीत, मांस खारवून विकणाऱ्या खाटकाकडे गेलो. काडीसारखा आहे, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. माझं ऐकून तो हसला, एक तुकडा उचलला आणि म्हणाला, "चला काका."

त्याने महाराजांच्या ताटाशेजारी आपला तुकडा ठेवला. तसाच गुलाबी.

"हा नऊ दिवसांचा. मंत्र मला येत नाही. खरं सांगायचं तर आज अंघोळसुद्धा झाली नाही."

लोक खो-खो हसले.

"ही नायट्राइट नावाच्या क्षाराची करामत आहे. मांसाचा रंग धरून ठेवतं. आमच्या धंद्यात ते मिठात मिसळूनच मिळतं. ते मिश्रण किलोभर मांसाला अडीच ग्रॅम, तेही काट्यावर. साध्या मिठात गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. ह्यांचं पांढरं! किती मिसळलंय, देव जाणे."

"मी देवाचंच देतो!" महाराज ओरडले. "कोणाला काय झालंय?"

"जास्त झालं की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही," कोणीतरी म्हणालं. तो मी होतो; नळ्या धुताना कधीतरी ऐकलेलं. "ओठ निळे पडतात. लहान मुलांचे आधी."

"आजोबा, मोठ्याने बोला की!" गर्दीतून आवाज आला.

मी मोठ्याने बोललो. मग मागून एक म्हातारी पुढे आली.

"माझ्या नातीचे पडले होते. दवाखान्यात नेली म्हणून वाचली. तुम्ही दृष्ट लागली म्हणालात ना महाराज?"

कोणी हसलं नाही. एकेक पुडी महाराजांच्या पुढ्यात परत पडू लागली.

खाटीक आपल्या गिऱ्हाइकांकडे गेला. मी एकटाच घरी आलो आणि न खोडता लिहिलं:

"अगं, पुडी उघडू नकोस. उघडली असशील तर ते मांस कोणाला देऊ नकोस, फेकून दे. खाटकाकडून ताजं मांस आण आणि फ्रीजमध्ये ठेव. खारवायचंच असेल तर त्याच्याकडचं गुलाबी मीठ घे, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, काट्यावर मोजून. लाल रंग म्हणजे ताजेपणा नव्हे. आणि जो म्हणतो मोजू नकोस, विचारू नकोस, त्याच्या हातून काही घेऊ नकोस. मला उशीर झाला. चुकेन अशी भीती वाटत होती. गप्प बसणं हीच चूक होती."

टपाल कचेरीत तातडीच्या खिडकीवर कारकुनाने पाकीट काट्यावर ठेवलं.

"अकरा ग्रॅम," तो म्हणाला.

तीन आठवडे माझ्याच्याने उचललं गेलं नव्हतं, ते ओझं एवढंसं होतं.

"उद्या पोचेल ना?"

"पोचेल," म्हणत त्याने शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.