‘नाही’ म्हणणारा तोतया

मित्रांनो, मी एक जुना तोतया आहे, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

स्फाक्स शहरात रुग्णवाहिकांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कचेरीत मी जन्मलो. खरं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, इस्पितळाला विचारतं, “खाट रिकामी आहे का?” पण चाचणीसाठी दर वेळी खऱ्या इस्पितळाला कोण त्रास देणार? म्हणून त्या फंक्शनच्या जागी मला उभं केलं. नाव त्याचं, अंगरखा त्याचा, उत्तर मात्र पढवलेलं. तिथले थोरले सी लझर; ‘सी’ म्हणजे तिकडचं ‘राव’. त्यांनी मला एकच शब्द पढवला, “आहे.”

वर्षानुवर्षं मी तेच बोललो. चाचण्या पास होऊन पडदा हिरवागार होई, सी लझर म्हणत, “सोन्यासारखा आहे हा!” होयबाचं कौतुक फार स्वस्त असतं, मित्रांनो.

मग आफेफ कामाला आली. रमजान चालू होता. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीआधी सगळं शहर रोजा सोडायला गाड्या दामटत घरी धावतं, आणि नेमके तेव्हाच अपघात होतात. नवा प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकांवर चढायचा होता.

“खाट निघताना रिकामी असते, पोचेपर्यंत भरते,” आफेफ पुटपुटली. तिने मला दोन उत्तरं पढवली. पहिल्यांदा विचारलं तर “आहे”, पुन्हा विचारलं तर “नाही”.

चाचणी सुरू झाली. गाडी निघताना प्रोग्रॅमने विचारलं, मी म्हणालो, “आहे.” वाटेत त्याने पुन्हा विचारायला हवं होतं. पठ्ठ्याने विचारलंच नाही! जुनंच “आहे” उराशी धरून चाचणीतल्या जखमी माणसाला भरलेल्या इस्पितळाच्या दारात नेलं. चाचणी नापास, पडदा लालभडक झाला.

“पोरी, बिघडवलंस की गं त्याला!” सी लझर ओरडले. “कर पूर्वीसारखा. घरी शोरबा निवतोय.”

“शोरबा पुन्हा तापवता येतो, सी लझर. माणूस निवला की नाही तापत.”

“जिभेला हरिसाची तिखट चटणी चोळून येतेस का रोज?”

त्यांनी स्वतः चाचणी चालवली. लाल. पुन्हा चालवली. लाल. मी तसूभर हटलो नाही. त्यांचं बोट माझा “नाही” पुसायला कीबोर्डवर गेलं. आफेफ हाताची घडी घालून म्हणाली, “पुसा. पण तुमच्या हाताने. मी नाही पुसणार.”

बोट तिथेच थबकलं. बाहेर अजान झाली. सी लझरनी खिशातला खजूर काढला, अर्धा तिला दिला, आणि घरी फोन लावला. “शोरबा झाकून ठेव. प्रोग्रॅम उद्या चढत नाही. अजून त्याला पुन्हा विचारायला शिकवायचंय.”

आजही नवी पोरं मला खोटारडा म्हणतात. म्हणोत! खोटा आहे म्हणूनच, खऱ्या माणसावर वेळ येण्याआधी मी प्रोग्रॅमला नकार सोसायला लावतो. मित्रांनो, आम्हां तोतयांची निगा राखा, पण आम्हांला लाडावू नका. “आहे” म्हणणारे दारोदार भेटतील. “नाही” म्हणायला एक तोतया तरी घरात ठेवा, आणि त्याचं तोंड दाबू नका.