न भरलेली जखम

जखमेवर बांधायचा पाला पाट्यावर रगडता रगडता गोजरबाईंनी मान वर केली. बदनापूरच्या स्टेशनावरून तडक चालत आलेली भाची कौसल्या दारात चप्पल काढत होती. औरंगाबादच्या प्रयोगशाळेत मावशीच्या याच पाल्याच्या रसावर तिचं संशोधन चाललं होतं.

“मावशी, जखम भरलीच न्हाई!” कौसल्या आनंदाने म्हणाली.

गोजरबाईंचा हात थांबला. विळ्याने कापलेली बोटं, फुटलेले गुडघे. चाळीस वर्षांत पाल्याने त्यांना कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. आणि ही पोरगी नापास झाल्याचे पेढे वाटावेत तशी हसत होती! त्यांना भारी राग आला.

“शिळा नेला असशील. ताजा लागतो, बराबर पहाटंचा.”

“ऐक तर आधी.”

कौसल्या जवळ बसून समजावू लागली. काचेच्या बशीत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींचा थर वाढवायचा आणि त्यात बारीक ओरखडा काढायचा. त्यालाच प्रयोगशाळेत जखम म्हणतात. पेशी सरकत येऊन ती बुजवून टाकतात.

“अशाच सरकत त्या अंगभर पसरतात, मावशी. पण तुझा रस टाकला तिथं जागच्या हलल्या न्हाईत.”

गोजरबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. चेहरा असा फुलला, की कौसल्येला घाईने पुढचं सांगावं लागलं.

“पण गाठीवर बांधायचा न्हाई हां, बिलकुल! हे बशीतलं झालं. कुणाला गाठ दिसली तर जल्दी दवाखान्यात धाडायचं.”

“तेवढं कळतं मला.”

कौसल्या हसली, पण मनातली काळजी गेली नव्हती. सोमवारी संशोधन समितीपुढे उभं राहायचं होतं. ‘निकाल छान आहे, पण पुढची तीन वर्षं कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधणार?’ असं तिच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं होतं. प्रश्न नसेल तर विषय सोडावा लागणार होता, आणि पंधरा दिवस डोकं खाजवूनही तिला तो सुचला नव्हता.

गोजरबाईंनी पाल्याची एक डहाळी उचलून उलटसुलट करून पाहिली. एवढ्याशा पानाचं त्यांना आज पहिल्यांदाच नवल वाटलं.

“का गं, बोटाची जखम हा भरतो अन् तिथली भरू देत न्हाई. मंग कोणती भरायची न् कोणती न्हाई, हे ह्याला कळतं कसं?”

कौसल्या त्यांच्याकडे पाहतच राहिली.

“काय चुकलं का माझं?”

“न्हाई.” तिने पेन काढलं. कागद सापडेना, म्हणून तळहातच पुढे धरला. “परत म्हण, मावशी. सावकाश. लिहून घेऊन राह्यले.”