शेवटचं रीळ

बाळांनो, क्षणभर समजा, की मांडीवर लॅपटॉप घेऊन तुम्ही आजीला सिनेमा वाचून दाखवताय. हो, वाचूनच. सिनेमा जर्मन, खालच्या ओळी इंग्रजी आणि आजीला आता फक्त उजेड-अंधार कळतो. सिंगापूरमध्ये पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षांची जान्हवी तेच करत होती.

"आता ती काय करतेय गं?" आशालताआजींनी विचारलं.

"ब्लँकेटचा कोट शिवतेय. वॉर संपलंय ना, शॉपमध्ये कापडच नाही. आणि तिचा हजबंड उद्या बोटीवर जाणार."

"निळं ब्लँकेट?"

"आजी, ब्लॅक अँड व्हाइट आहे, ला! मला कसं कळणार?"

"तुझे आजोबा निळंच म्हणायचे." आजी हसल्या. महिन्यापूर्वी आजोबा गेले, त्यानंतर पहिल्यांदाच.

शामकांतआजोबा बोटीवर इंजिनिअर होते. त्या काळी सिनेमाची रिळं पेटीत भरून या बोटीवरून त्या बोटीवर जात. त्यातच हा सिनेमा आला होता. सुट्टीवर आले की ते आजींना तो रंगवून सांगत, पण नवऱ्याची बोट धक्का सोडते तिथे थांबत. "शेवटचं रीळ दुसऱ्या बोटीवर राहिलं. मिळालं की सांगतो." आणि मग दाढी करता करता शिट्टीवर एक धून वाजवत. ती धून घरात सगळ्यांना पाठ होती.

मराठी शब्द अडू नयेत म्हणून जान्हवीने काल सिनेमा एकटीने पाहून ठेवला होता. शेवटी बोट बुडाल्याची बातमी येते. ती बाई तोच कोट घालून धक्क्यावर येते आणि कुठेतरी अकॉर्डियन वाजू लागतं. जान्हवीने तेवढा भाग पुन्हा पुन्हा ऐकला. आजोबांची शिट्टीवरची धून! सिनेमात त्याआधी ती कुठेच नव्हती.

आता पडद्यावर भोंगा झाला. आजींनी नातीचं मनगट धरलं.

"बोट सुटली ना? इथंच थांबायचे ते. किती भांडायचे मी! सांग, तो परत येतो का?"

जान्हवी खिडकीबाहेर बघू लागली. समुद्रात बोटी नांगर टाकून उभ्या होत्या.

"सांग ना. त्यांना बिचाऱ्यांना शेवट कधी कळलाच नाही. तिकडे भेट झाली, की आता मीच सांगेन त्यांना."

अकॉर्डियन सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. जान्हवीने सिनेमा थांबवला.

"आजी, यात पण शेवटचं रीळ नाहीये."

आजींनी नातीचा चेहरा चाचपला. गाल ओले लागले, तसे त्यांनी पदराने पुसले.

"ते सांगायचे तेव्हा त्यांचाही आवाज असाच व्हायचा," त्या म्हणाल्या.

जान्हवीने लॅपटॉप मिटला, आजींच्या कुशीत शिरली आणि हळूच म्हणाली,

"मिळालं की सांगते."