तलावाच्या काठावरची पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. नारिनच्या डोंगरांत, बर्फ वितळून भरणाऱ्या एका तलावाच्या काठावर, खांबाला बांधलेली. माझा एकच डोळा आहे आणि तो खाली पाण्याकडे लागलेला असतो. मित्रांनो, तुम्ही मेंढ्या घेऊन वर आलात की मला खडे मारता. मारा. पण आज जरा वेळ बसा, कारण मला तुम्हाला काही सांगायचे आहे आणि माझा आवाज आता खोल गेला आहे.

माझे अंग एकीकडे घडले आणि जीव दुसरीकडे. अंग घडवले नारिनच्या कारखान्यात ताश्तेमिर आबांनी आणि त्यांच्या माणसांनी. जीव, म्हणजे मी पाठवलेला आकडा वाचून, पाणी फार चढले की खालच्या कोक-झार गावातला भोंगा वाजवणारा प्रोग्राम, तो राजधानीच्या शहरात, बिश्केकमध्ये, एल्दियार आणि त्याच्या सोबत्यांनी लिहिला. मध्ये डोंगर, खिंडी, बर्फ. अंग जिवाला कधी भेटले नाही. दोघांना बांधून ठेवणारी होती बिश्केकच्या त्याच कचेरीतली बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई. दर गुरुवारी ती दोन्हीकडच्या लोकांना फोनवर एकत्र आणायची, आधी मेंढ्यांची, मग गुडघ्यांची चौकशी करायची आणि मग कामाचे विचारायची.

माझी परीक्षा कारखान्याच्या अंगणात झाली. हौदात पाणी ओतले, बिश्केकमध्ये आकडा हलला. "हलतोय ना? मग झालं," आबा म्हणाले. "हलतोय, आबा," तिकडून एल्दियार म्हणाला. मेंढा कापला गेला, म्हाताऱ्यांनी हात पसरून दुआ दिली आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आकड्याचा अर्थ काय, हे कोणी कोणाला विचारले नाही.

आमच्याकडे पाहुण्याला वाटी भरून चहा देत नाहीत. भरली वाटी म्हणजे 'आता निघा'. घरची सून वाटीत चहा किती आहे ते बघतच नाही, काठापर्यंत रिकामे किती ते बघते. आबा त्याच घरात वाढलेले. त्यांनी माझा डोळा काठावर बसवला आणि पाण्यापर्यंतचे रिकामे अंतर मोजायला शिकवले. पाणी चढले की माझा आकडा लहान होतो. शहरातल्या मुलांनी मात्र तो पाण्याची खोली समजून घेतला. आकडा लहान, म्हणजे पाणी कमी. मी खरे बोलत होते आणि ते उलटे ऐकत होते.

मग वसंत आला. दरीत फोन लागत नाही, म्हणून तर माझ्यापासून तारेने जोडलेला भोंगा. फोन लागतो तो फक्त इथे, वर. कोकरांच्या हंगामासाठी आबा खाली गावात येऊन राहिलेले, त्यामुळे दर गुरुवारी ते घोड्यावरून वर यायचे आणि फोन माझ्या झाकणावर ठेवून बोलायचे. पाणी चढलेले त्यांना दिसत होते, पण शहराचे लक्ष आहे या भरवशावर ते निवांत होते.

त्या गुरुवारी एल्दियार हसत म्हणाला, "आबा, तुमचा तलाव आटत चाललाय. आकडा रोज खाली येतोय. मेंढ्यांना काय आता सरबत पाजणार?"

तिकडे सगळे हसले. आबांचा हात माझ्यावर होता. त्यांनी वाकून काठाला लागत आलेले पाणी बघितले, मग माझा डोळा.

"बरं," आबा म्हणाले. "मी येतो शहरात. चहा पिऊ." आणि त्यांनी फोन ठेवला.

असे का केले, विचाराल. आमच्या लोकांत वाईट बातमी तारेवरून देत नाहीत. आधी माणसाशेजारी जाऊन बसायचे, मग हळूच सांगायचे. शिवाय कामाला दुआ मिळालेली, तिकडे सगळे ऐकत असलेले; त्यांच्यासमोर चूक काढून पोरांना खाली मान कशी घालायला लावायची? जाता जाता गावाला सांगू आणि मग शहर गाठू, असा त्यांनी हिशेब केला. खाली कोक-झारमध्ये त्यांची लेक होती, नदीकाठच्या घरात, कुशीत तान्हे बाळ. ते घोड्याचा पट्टा आवळू लागले. तलाव अडवून धरणारा, माझ्या खालचा दगडांचा बांध पाझरत होता. ते मला ऐकू येत होते, त्यांना नाही.

फोन पुन्हा वाजला. बुरुल एजे, एकटी.

"आबा, कोकरं व्हायच्या दिवसांत तुम्ही चहाला शहरात येणार? मला फसवता?"

"फोनवर नको, पोरी."

"मग असं करू. मी समोर बसलेय समजा. हे बघा, वाटी घेतली." चहा ओतल्याचा बारीक आवाज आला. "थोडाच ओतलाय. आता सांगा."

आबा खाली बसले आणि त्यांनी सांगितले.

एजे रडली नाही, रागावली नाही. "एल्दियार," तिने शेजारच्या खोलीत हाक मारली, "उलटं कर. आत्ता. आणि भोंगा लाव." भोंगा दरीतून वर माझ्यापर्यंत आला. लोक टेकडीवर चढले, आबांची लेकही. दिवस मावळताना बांध फुटला. पूल गेला, भटारखाना गेला, लेकीचे घर गेले. घोडी सोडायला माघारी फिरलेले जुमाकादिर आजोबा गेले. खुदाने बाकीच्यांना राखले.

त्यानंतर लोकांनी आभार म्हणून माझ्या खांबाला पांढरे कापड बांधले आणि बांध नव्याने रचला. शहरातून फोटो काढायला माणसे आली. मग काम संपले असे ठरले. एजे दुसऱ्या देशात गेली, एल्दियार दुसऱ्या नोकरीत. ताश्तेमिर आबा गेल्या हिवाळ्यात मातीत निजले. गुरुवारचा फोन बंद झाला. कापडाच्या चिंध्या उरल्या आहेत. बिश्केकमध्ये आता नवे यंत्र बसवले आहे म्हणे आणि ते नवी माणसे बघतात. माझा आकडा कसा वाचायचा हे त्यांना कोणी सांगितले का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, दोन माणसांत नुसता आकडा धाडून भागत नाही. 'तुला काय समजलं?' असे विचारावे लागते, आणि विचारणारे कोणी उरले नाही तर तुम्ही विचारा. तुमच्यापैकी एकाने फोन माझ्या झाकणावर ठेवावा आणि शहराला एवढेच विचारावे.

कारण बांध पुन्हा पाझरतो आहे. आज सकाळी मी लहान आकडा पाठवला. उद्या त्याहून लहान पाठवीन. भोंगा अजून वाजलेला नाही.