जयवंतीचे तांदूळ

राज्याच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यामागे एक बंद पडलेला ढाबा आहे. त्याच्या खिडक्यांवर ताडपत्र्या ठोकून भरदुपारी काळोख केला होता आणि त्या काळोखात शंभरेक माणसं घामाघूम होऊन समोरच्या पांढऱ्या चादरीकडे बघत होती. चादरीवर एक माणूस अधांतरी गरगर फिरत होता. बघता बघता त्याची कातडी विरघळली, मांस गेलं, बरगड्या उजळल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"जुओ, जुओ! बघा!" त्रिनेत्री बापू गरजले. "मी चामडी फाडली काय? सुरी लावली काय? फक्त नजर! डॉक्टर बाहेरून बघतो, बापू आतून बघतो!"

बापूंची नजर मोठी सोयीची होती. तिला रोगीसुद्धा लागत नसे. आजाऱ्यावरून तांदूळ उतरवायचे, भगताकडे न्यायचे आणि दाणे बघून त्याने दुखणं सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बापूंनी भगताच्या सुपाऐवजी तांब्याचं ताट ठेवलं होतं. ताटाची वायर लॅपटॉपच्या टेबलाखाली गेलेली. पुडी ताटात पडली की रोग्याचं अंग चादरीवर हजर. २०१७ सालचा पाऊस नुकताच सरला होता, भातकापणी तोंडावर आली होती. आजाऱ्याला उचलून नेण्यापेक्षा तांदळाची पुडी नेणं कुणालाही सोपंच वाटणार.

मी मसोलीत दवाखाना चालवते. एरवी अशा ठिकाणी पाय ठेवला नसता. पण तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यावरची जयवंती माझी पेशंट होती. तिच्या यकृतात पू साठून गोळा झाला होता, सोनोग्राफीत मी स्वतः पाहिला होता. सुईने पू काढला, औषधं दिली की बाई उठून कामाला लागते. नाही काढला तर गोळा पोटात फुटतो. मी मोठ्या रुग्णालयात बोलून ठेवलं, गाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली.

"बाय, बापू बिनसुईचा काढतो," तिच्या नवऱ्याने, हिरूने, फोनवर सांगितलं. "गेल्या रविवारी मी डोल्यांनी बघला तिचा गोला. या रविवारी काढनार हाय."

फोनवर मी खूप ओरडले. त्याचा काही उपयोग झाला नाही, म्हणून त्या रविवारी मी थेट ढाब्यावर गेले.

हिरूने पुडी ताटात ठेवली. चादरीवरच्या बरगड्यांखाली लाल गोळा उमटला. बापूंनी डोळे मिटले. उजवा हात जपाच्या गोमुखीत होताच. त्या कापडी पिशवीत आत माळ ओढल्यासारखी बोटं हलली आणि गोळा नाहीसा झाला. एकच जयजयकार उठला. हिरू जमिनीवर लोटांगण घालून रडत होता.

चादरीवरच्या 'जयवंती'ला मी चांगली ओळखत होते. तिच्या छातीच्या मधल्या हाडात तारेचे टाके दिसत होते, हृदयाच्या ऑपरेशननंतर घालतात तसे. खऱ्या जयवंतीच्या छातीला कुणी कधी सुरी लावलेली नव्हती.

मी माझी पुडी पुढे केली. "भावावरून उतरवलेत, बापू."

चादरीवर तोच माणूस, तेच टाके. गोळा मात्र या वेळी छातीत, हिरवा.

"भाऊ दारू पितो," बापू म्हणाले. "घरातल्या बाईने करणी केली आहे."

"बापू, हे तांदूळ ढाब्यामागच्या बकरीवरून उतरवलेत."

दाराशी चहा विकणारी म्हातारी बायजी उभी होती. "माझीच बकरी ती," ती म्हणाली. "दारू नाय पीत."

कुणीच हसलं नाही. बापूंनी हात वर केला. "बकरीच्या पोटी माणसाचा आत्मा अडकलाय!" आणि सांगायला लाज वाटते, पुढच्या रांगेतल्या लोकांनी बकरीच्या दिशेने हात जोडले.

तेव्हा मी पुढे होऊन ती गोमुखी ओढली. आत माळ नव्हतीच. बिनवायरचा माऊस खाली पडला.

लॅपटॉप मी लोकांकडे वळवला आणि सगळं सांगितलं. स्कॅनची शेकडो चित्रं एकावर एक रचून शरीर जसंच्या तसं उभं करणारं ते सॉफ्टवेअर मीही वापरते. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी ते मिळून केलंय. कुणीही फुकट घ्यावं, त्याच्या आत काय लिहिलंय तेही उघडून तपासावं. शिकणाऱ्यांसाठी त्यासोबत एका अनोळखी माणसाचा स्कॅन मिळतो. तारेच्या टाक्यांचा माणूस तोच. पडद्यावरची पट्टी सरकवली की कातडी पारदर्शक होते. डॉक्टरांना दुखरी जागा रंगवून ठेवता यावी अशीही त्यात सोय आहे, बापूंनी तिथे गोळे रंगवून ठेवले होते. ताटाची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत होती.

हिरूने माऊस उचलला. मी त्याचं बोट धरून दाबलं. लाल गोळा आला. पुन्हा दाबलं, गेला. मग तो एकटाच दाबत राहिला. गोळा येत होता, जात होता.

"मंग बाय," तो हळूच म्हणाला, "तिच्या पोटातला?"

"तो तिथेच आहे, हिरू."

आम्ही गाडीकडे धावलो. तोवर बापू मागच्या दाराने निघून गेले होते.

पाड्यावर पोचलो तेव्हा जयवंतीचं पोट फळीसारखं कडक झालं होतं. गोळा फुटला होता. तिला गाडीत घेऊन आम्ही रुग्णालयाकडे निघालो. अच्छाडचा तो ढाबा मागे पडत असताना, हिरूच्या मांडीवर, तिचा श्वास थांबला.

"सकाली तिने सांगला, मला पन ने," हिरू म्हणाला. "मी सांगला, तू कशाला हाल करतेस, तांदूल नेतो ना."

बापूवर गुन्हा नोंदवला आहे. तो सापडेल, किंवा दुसऱ्या नाक्यावर दुसरं नाव घेऊन बसेल. यंत्र नवं असलं म्हणून त्याच्यामागचा माणूस खरा होत नाही. चित्र दाखवणाऱ्याला विचारा, हे कुणाचं आहे? हात झाकलेला असेल तर म्हणा, उघडा करा. विचारल्याने कुठलाच देव रागावत नाही.

माझ्यापेक्षा हिरू हे कमी शब्दांत सांगतो. पाड्यात कुणी आजाऱ्यावरून तांदूळ उतरवायला घेतले की तो जाऊन दारात उभा राहतो.

"तांदूल ऱ्हाऊ दे घरात," तो म्हणतो. "मानसाला उचला."