देव पूज्य सहा सहा आठ

बाळ झोपलं होतं, पण तिच्या डाव्या हातावर. म्हणजे झोप बाळाची आणि अडकलेला हात तिचा. खाली ठेवलं की त्याचे डोळे उघडायचे आणि डोळ्यांच्या पाठोपाठ तोंड. त्यामुळे ती पलंगाला टेकून, एक पाय दुमडून आणि दुसऱ्याला मुंग्या आणून तशीच बसली होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखालच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली. भिंतीतल्या प्लगला चिकटून असेल तोवरच तो जिवंत. त्याला भिंतीने धरलेलं, हिला बाळाने. आणि लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून सासूबाई बसल्या होत्या.

“बोलायला लागला का गं हा?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“अजून मुकाच आहे, आई.”

मुका लॅपटॉप होता, रविवारपासून. त्याआधी तो म्हातारा होता, धापा टाकत चालायचा, पण बोलत होता.

बाळाच्या आधी ती एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. वकीलसाहेब रेकॉर्डरमध्ये पुटपुटायचे आणि ती कानाला हेडफोन लावून ते कागदावर उतरवायची. बाळंतपणाची रजा संपवून ती गेली, तर तिच्या खुर्चीत दुसरीच कुणी बसलेली. आता अशीच टिपणं घरबसल्या टाइप करून घेणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. आधी चाचणी: त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक रेकॉर्डिंग ऐकायचं, टाइप करायचं आणि आज ऑफिस बंद व्हायच्या आत पाठवायचं. नाही पाठवलं तर जागा दुसरीला. ती जागा तिला हवी होती. पगार तर हवाच होता. पण त्याहून जास्त हवा होता दिवसाचा एक असा तुकडा, ज्यात तिचे दोन्ही हात तिचे असतील.

तो प्रोग्रॅम फोनवर चालत नव्हता. त्याला नवीच सिस्टिम लागायची, आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी तर स्पष्ट लिहून ठेवलेलं की या मॉडेलला ती मिळणार नाही. मग नवऱ्याने रविवारी पेनड्राइव्ह लावून, मधली तपासणी चुकवून, मागच्या दाराने ती आत घुसवली. “बघ, चालतोय की नाही?” म्हणत कॉलर ताठ केली आणि दुसऱ्या दिवशी गोदामात कामावर गेला. तिथे फोन फाटकावरच काढून घेतात. जुनी सिस्टिम पुसली गेली होती, त्यामुळे मागे फिरायची वाटही उरली नव्हती. सगळं चालत होतं हे खरं. फक्त स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती.

“ड्रायव्हर नाहीये त्याला,” तिने सकाळी सासूबाईंना सांगितलं होतं.

“गाडी घ्यायची आणि ड्रायव्हर बघायचा नाही, हे माझ्याच लेकाला जमतं.”

“तसा ड्रायव्हर नाही हो. आतल्या प्रत्येक भागाला नव्या सिस्टिमची भाषा समजावणारा कुणीतरी लागतो. दुभाष्या म्हणा.”

“म्हणजे घरात मी आहे तशी,” सासूबाई म्हणाल्या. “त्याचं तुला सांगायचं आणि तुझं त्याला.”

लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर या मॉडेलसाठी ड्रायव्हर नव्हता. तिच्या फोनवर मात्र एक चर्चेचं पान उघडं होतं, जिथे तिच्यासारखीच अडकलेली माणसं एकमेकांना हाका मारत होती. कुणीतरी लिहिलं होतं, ‘हेच मॉडेल, सगळं ठीक, आवाज नाही.’ त्याखाली, ‘माझंही तेच.’ त्याखाली आणखी एक, ‘माझंही.’ मग एका भल्या माणसाने लिहिलेलं, ‘सापडला, धन्यवाद.’ काय सापडलं, कुठे सापडलं, त्याचा पत्ता नाही. तिने त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. पण पानाच्या तळाशी कुणीतरी शहाणपणाचं लिहिलं होतं: नावावर जाऊ नका, त्या भागाचा क्रमांक काढा आणि क्रमांकाने शोधा.

क्रमांक लॅपटॉपच्या पडद्यावर होता. ती पलंगावर होती.

“आई, पिवळं चिन्ह आहे ना, त्याच्याखालची ओळ वाचता का? हळू.”

सासूबाईंनी इंग्रजी अक्षरं जुळवायला घेतली. “व्हे... व्हेन. एक पूज्य नऊ चार. मग देव.”

“देव?”

“डी ई व्ही. देवच ना? देव पूज्य सहा सहा आठ.”

तिला हसू आलं, ते तिने बाळासाठी दाबलं. सासूबाईंच्या तोंडी देव आला की त्याच्यामागे काहीतरी मानाचं येणारच, असं धरून तिने ते सोडून दिलं आणि अंगठ्याने आकडे टाइप केले: सहा सहा आठ. शोधपानाने मधाळपणे विचारलं, तुम्हाला सहा सहा आठ तीन म्हणायचं आहे का? तिला काय म्हणायचंय हे निदान कुणीतरी विचारत होतं. तिने हो म्हटलं. फाइल फोनवर उतरली. सासूबाईंनी फोन वायरने लॅपटॉपला जोडला आणि ती सांगत गेली तिथे तिथे बोट दाबलं. ‘हा ड्रायव्हर जुळेल याची खात्री नाही, तरी बसवायचा?’ हो. हो म्हणाच.

पडदा काळा झाला. मग उजळला, पुन्हा काळा झाला. श्वास कोंडलेल्या माणसासारखा तो उठत होता आणि पडत होता.

“मी काही केलं नाही हं,” सासूबाई हात मागे घेत म्हणाल्या.

तिने डोळे मिटले. बाळाचं डोकं तापलेल्या वाटीसारखं कोपरात रुतलं होतं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, तीही पेट घेत नव्हती. उठून जावं, तर बाळ उठेल. बसून राहावं, तर दुपार जाईल. या खोलीला दार होतं, खिडकी होती, आणि बाहेर पडायला एकही जागा नव्हती.

शेवटी लॅपटॉपलाच दया आली. शेवटचा बदल मागे घेऊ का, असं त्याने विचारलं. सासूबाईंनी तिच्याकडे बघून, मान हलवून, हो दाबलं. लाल फुली परत आली. फुली बघून इतकं बरं वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“परत वाचा, आई. एकेक अक्षर.”

“मी काय चुकीचं वाचलं?” सासूबाईंचा आवाज चढला, बाळ चुळबुळलं, आवाज उतरला. “ऐक. देव. पूज्य. सहा, सहा, आठ.”

“तुम्ही दरवेळी पूज्य कशाला म्हणता? नुसतं देव म्हणा ना.”

“लिहिलंय म्हणून म्हणते.”

“काय लिहिलंय?”

“पूज्य. हे काय, गोल. तुम्ही शून्य म्हणता ते. आम्हाला शाळेत मास्तरांनी पूज्यच शिकवलं.”

तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“तू त्याला देवाचं विशेषण समजलीस होय?”

“तुम्ही म्हणालात ते भक्तिभावानेच.”

“क्रमांक वाचताना कसली भक्ती? सहीसही वाचलं मी. आणि बघ, देवाच्या आधी पण म्हणाले की, एक पूज्य नऊ चार. तिथे कुठला देव होता?”

तिने शून्य घालून शोधलं. एकच फाइल आली, जुनी, भलत्याच मॉडेलची, पण क्रमांक तोच. सासूबाईंनी या वेळी विचारल्याशिवाय हो दाबलं. लाल फुली गेली. मग चाचणीचा प्रोग्रॅम उघडला, फोनच्या नेटवरून रेकॉर्डिंग उतरवलं, आणि सासूबाईंनी उत्साहाच्या भरात ते लावलंच.

खोलीभर एका म्हाताऱ्या वकिलाचा खोकला घुमला.

बाळ एवढं दचकलं की त्याचे दोन्ही हात वर गेले. मग त्याने गळा काढला. वकील दोन भावांच्या घरांमधल्या सामाईक भिंतीबद्दल सांगू लागला, बाळ त्याहून वरच्या पट्टीत, आणि दोन वाक्यांतच वकील गप्प झाला. फुली परत आली होती. खाली कोपऱ्यात ओळ सरकली: तुमच्या उपकरणासाठी योग्य ड्रायव्हर बसवला आहे.

तिला कळायला क्षण लागला. नेट मिळालं की सिस्टिम आपल्या मनाने तिचा ड्रायव्हर काढून स्वतःचा घालत होती. तिच्या भल्यासाठी.

“आई, याला बाहेर नेता?”

सासूबाईंनी बाळाला खांद्यावर टाकलं. “चल रे, तुझ्या आईला कोर्टात जायचंय,” म्हणत जिन्यात गेल्या आणि दार ओढून घेतलं.

ती उठली, मेलेला पाय फरपटत टेबलाशी आली. आधी नेट बंद केलं, मग तोच ड्रायव्हर पुन्हा बसवला. रेकॉर्डिंग आत उतरलेलं होतंच. तिने हेडफोन कानात घातले, आणि जिन्यातलं रडणं एकदम नाहीसं झालं.

एवढीच जागा तिला हवी होती. वकिलाचा घसा, कागदाची सळसळ, अर्धं गिळलेलं ‘उपरोक्त’. तिची बोटं जागी झाली. पण भिंतीच्या उंचीपाशी आल्यावर तिला वाटलं, रडतोय अजून. तिने डावा हेडफोन काढला. रडत होता. ती तशीच टाइप करत राहिली, एक कान भिंतीच्या वाटणीला आणि एक जिन्याला, आणि ओठ चावत, पान्ह्याने ओली झालेली ओढणी छातीशी दाबत, तिने शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं उतरवलं. तपासलं. मग नेट जोडून पाठवलं.

उत्तर यायच्या आधीच फुली आली. उत्तर त्यानंतर आलं: काम पसंत आहे, उद्यापासून रोज दुपारी एक रेकॉर्डिंग.

तिने दार उघडलं. बाळ तिच्याकडे झेपावलं आणि हुंदक्यांतच पिऊ लागलं.

“मिळालं?” सासूबाईंनी विचारलं.

“मिळालं. पण हा ड्रायव्हर रोज काढून टाकणार. मला रोज बसवावा लागणार.”

“मग तुझ्यासारखीच गत. अंघोळ घाला, झोपवा, दुसऱ्या दिवशी परत तेच.” सासूबाई टेबलाकडे वाकल्या. “आता हे काय म्हणतोय?”

पडद्यावर एक गोल फिरत होता. अपडेटचं काम चालू आहे, संगणक बंद करू नका.

“किती वेळ?”

“ते सांगत नाही तो,” ती म्हणाली आणि बाळाला घेऊन खुर्चीत बसली. सासूबाईंनी पलंगाची कड धरली. तिघंही गोलाकडे बघत राहिली.